पाण्यावरून अडलेली सोयरीक

तीर्थरूप आक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून करायचा तो या खेपेला ताठ उभ्यानेच केला आहे, कारण कंबर धरली आहे. तुझ्या बाजूने तो वाकूनच पोचला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना? (आमच्या शेजारचे निवृत्त कंपाउंडर म्हणतात की चढताना दुखत असेल तर काळजी नाही आणि उतरताना दुखत असेल तर मुळीच काळजी नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, त्यांचा गुडघा दुखत नाही एवढंच निष्पन्न झालं.) भाऊजी श्रवणयंत्र कानात घालायला लागले का, की ते अजून खिशात बसूनच ऐकतंय? सुनेला आशीर्वाद, नातवाला पापा.

इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून घातलं. आता खरं काय ते सांगतो.

कंबर धरली ती पाण्यापायी. तुला माहीतच आहे की तुझा भाऊ शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ आहे. (तू चारचौघांत 'तो पाण्याच्या खात्यात आहे' एवढंच सांगतेस आणि मग लोक तुला आपल्या गळक्या तोट्यांबद्दल विचारतात, हेही मला माहीत आहे.) उभं आयुष्य मी या गावाच्या पाण्याचा वास घेतला, रंग पाहिला, चव घेतली. लोक सकाळी उठून चहा घेतात, मी उठून नळाखालचं पाणी जिभेवर घोळवतो. आणि अशा माणसाच्या स्वयंपाकघरात, आक्का, विकतच्या पाण्याचा जार आहे! स्टीलच्या घडवंचीवर, क्रोशाचं कव्हर घालून, एखाद्या पाहुण्यासारखा. मी ज्या खुर्चीत बसतो तिच्या गादीतून काथ्या बाहेर आलाय, तिला कव्हर नाही.

झालं असं की मागे आमच्या गल्लीत टेलिफोनवाल्यांनी खोदलं, पाण्याची वाहिनी फुटली आणि दोन दिवस नळाला तांबूस पाणी आलं. मी हिला सांगितलं, अगं, ही गंजाची माती आहे, थोडं सोडून दे, स्वच्छ येईल. आलंही. पण तोवर हिचं मन गढूळ झालं होतं. म्हणाली, "आता तुमच्या हातचं पाणी नको." जणू काही मी रोज पहाटे नदीवर जाऊन घागरी भरतो! त्या दिवशी जार आला तो आला. जारवाला लिफ्ट बंद असली की तो खाली जिन्याशी ठेवून पळतो. मग चौथ्या मजल्यावर तो कोणी आणायचा? तर अख्ख्या शहराला पाणी पाजणाऱ्याने. बरं, नुसती कंबर गेली असती तर मी तुला लिहिलंही नसतं. तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी मला खांद्यावर जार घेऊन चढताना पाहिलं. चष्मा वर करून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जार! त्यांचा पाहून पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या. पाणीखात्याचा माणूसच विकतचं पितो म्हणजे आतली काहीतरी बातमी असणार, असं सगळ्यांनी धरलं. माझ्या खात्याची बदनामी मी स्वतःच्या खांद्यावरून मजल्यामजल्याने वर नेली, आक्का.

समजावून सांगत का नाही, असं तू म्हणशील. तीच तर गोम आहे. मी समजावलं की लोक घाबरतात. आमच्या जिन्यात मी एकदा सगळ्यांना बोलावून क्लोरीन म्हणजे काय, ते किती थेंब घालतो आणि त्याने कोणकोणते जंतू मरतात हे नावानिशी सांगितलं. त्या जंतूंची नावं लोकांनी त्याआधी ऐकलीच नव्हती. बैठक संपल्यावर जे दोघे अजून नळाचं पीत होते त्यांनीही सोडलं.

या सगळ्यात आपली बिट्टी परीक्षा संपवून घरी आली. तिचा अभ्यास पर्यावरणाचा. तिने आल्या आल्या आईच्या पर्समधली पाण्याची छोटी बाटली काढली आणि घरात युद्ध पेटलं. ती म्हणाली, ही बाटली आपण सगळे मेल्यावरही इथेच असणार आहे. ही म्हणाली, असू दे, निदान काहीतरी टिकाऊ घेतलं. तेव्हापासून बिट्टी घरातल्या, जिन्यातल्या, कोपऱ्यावरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करते आणि गॅलरीत रचते. त्यांना ती 'पुरावा' म्हणते. गॅलरीत पुरावा इतका झालाय की टॉवेल वाळत घालायला जागा नाही, आणि वारा सुटला की पुरावा खालच्यांच्या पत्र्यावर गडगडत जातो. मला वाटलं, चला, घरात आपल्या बाजूने एक मत तरी झालं. तर कुठचं! "बाबा, तुझ्या पाण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी प्लॅस्टिकबद्दल बोलतेय," असं म्हणून ती माझं पाणी फडक्याने गाळते आणि वर दोनदा उकळते. तो गॅस पर्यावरणात धरत नाहीत बहुतेक. म्हणजे बायको विकतचं पिते, मुलगी उकळलेलं पिते, आणि नळाला ओंजळ लावून पिणारा मी एकटा घरात येडा ठरलो.

आता मुख्य गोष्ट. (कंबरेची गोष्ट मुख्य नव्हती, ती फक्त दुखत होती म्हणून आधी आली.) बिट्टीने मुलगा पसंत केला. तू रागावू नकोस, तुला आधी कळवायचं होतं, पण आम्हालाच चहा पिता पिता कळलं. मुलगा चांगला आहे. उंच, शांत, विचारलं तेवढंच बोलतो आणि जे बोलतो ते खरं बोलतो. (हा गुण आहे असं मी तेव्हा समजत होतो.) दोघांची ओळख नदीकाठ साफ करण्याच्या मोहिमेत झाली, एकाच पोत्याची दोन टोकं धरून. मी विचारलं, वडील काय करतात? बिट्टी म्हणाली, त्यांचा पाण्याचा व्यवसाय आहे. मला इतका आनंद झाला! म्हटलं पंप असतील, वाहिन्या असतील, व्याह्यांशी बोलायला विषय तरी सापडला. मग तिने हळूच सांगितलं की त्यांचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे. पोरं पोत्यात भरत होती त्या बाटल्यांतल्या निम्म्या होणाऱ्या सासऱ्यांच्याच होत्या. मुलगा म्हणे म्हणूनच येतो दर रविवारी.

ते लोक घरी यायचे ठरले आणि आमच्यापुढे प्रश्न पडला तो, पाहुण्यांना पाणी कुठलं द्यायचं? हसू नकोस. माणूस दारातून आत आला की आधी पाणी, त्याशिवाय बोलणी सुरू तरी कशी करायची? जारमधलं द्यावं तर तो जार दुसऱ्या कंपनीचा. त्यांच्याच कंपनीच्या बाटल्या आणून ठेवाव्यात, असं हिचं मत. "टेबलावर एक बाटली दिसली तर मी घरात नसेन," असं बिट्टीचं मत. मला मत विचारलंच नव्हतं. शेवटी तह झाला. काचेच्या जगमध्ये पाणी ठेवायचं, ते कुठलं हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. जार न्हाणीघरात बादलीमागे लपवला, क्रोशाच्या कव्हरासकट. जग भरायचं काम माझ्याकडे आलं. मी तो कुठून भरला असेल हे तुला सांगायला नको.

व्याहीबुवा आले. गोल, गोरेपान, हसतमुख गृहस्थ, शर्टाला अशी कडक इस्त्री की बसताना आवाज आला. सोबत विहीणबाई, मागे मुलगा, आणि मुलाच्या हातात भेट म्हणून बाटल्यांचं खोकं. ते त्याने खोलीच्या मधोमध ठेवलं. बाटल्यांवर बर्फाच्या डोंगराचं चित्र. बिट्टी त्या खोक्याकडे अशी बघत होती की जसं काही ते आता फणा काढणार. मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता. मी पाणी दिलं. व्याहीबुवांनी एका दमात ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाले, "व्वा! काय गोड पाणी आहे हो. कोणाचं?"

आक्का, इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी म्हणजे कोणी विचारला नव्हता. ही मागून डोळे मोठे करत होती. बिट्टीने माझ्या पायावर पाय दिला. पण माझा ऊर असा भरून आला की तह वगैरे सगळं विसरलो आणि म्हणालो, "आमचं!"

आणि मग मी सांगायला लागलो. नदीतून पाणी उचलतो तिथल्या जाळ्यांपासून सुरुवात केली. जाळ्यांत काय काय अडकतं ते सांगितलं. (चपला, भोपळे, एकदा अख्खा सोफा, आणि उन्हाळ्यात जे फुगून वर येतं ते.) मग तुरटीने गाळ कसा खाली बसतो, तो खरवडून काढल्यावर कसा दिसतो, वाळूचे थर धुताना कसला वास सुटतो. माझं असं की त्या घाणीचं वर्णन केल्याशिवाय शेवटी पाणी किती निर्मळ झालं ते पटवता येत नाही. मी निर्मळपर्यंत पोचायच्या आत विहीणबाईंनी ग्लास खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि चूळ भरायला आत गेल्या.

व्याहीबुवांचा चेहरा उतरला. "म्हणजे हे नळाचं? आमच्याकडे नळाच्या पाण्याने गाडीसुद्धा धूत नाहीत."

यावर मी काही बोलणार, इतक्यात तो शांत मुलगा, आपला होणारा जावई, मान वर करून म्हणाला, "बाबा, पण आपल्या कारखान्यात मागच्या बाजूला ती जाड वाहिनी येते, ती यांच्याकडूनच येते ना?"

आतला फ्रिज तेवढा थरथरून बंद झाला.

"येते," व्याहीबुवा म्हणाले. "पण आम्ही त्यावर प्रक्रिया करतो."

"आम्हीही करतो," मी म्हणालो.

"आमची शेवटची असते."

"आमची झालेली नसती तर तुमची सुरूच झाली नसती!"

आवाज चढले. मी बाटलीवरच्या डोंगराचा पत्ता विचारला. त्यांनी आमच्या खात्यातल्या गळतीचा हिशेब विचारला. बिट्टी 'बाबा, बाबा' करत होती, मुलगा 'बाबा, बाबा' करत होता, आणि दोन्ही बाबा उभे राहिले होते. तेवढ्यात विहीणबाई पदराने तोंड पुसत बाहेर आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, यांच्या न्हाणीघरात पाण्याचा जार आहे. त्या दुसऱ्या कंपनीचा. वर कव्हरपण घातलंय."

त्या एका वाक्याने दोन माणसं एकदम मेली, आक्का. माझी बायको माझं पाणी पीत नाही हे त्यांना कळलं, आणि पिते ते त्यांचंही नाही हेही कळलं. मंडळी चहा न घेता निघून गेली. खोकं राहिलं.

बिट्टी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती खोक्यावर बसली आणि रडली. म्हणाली, "बाबा, एक तास पाण्याबद्दल न बोलता नाही का रे राहता आलं तुला?" लहानपणी खेळणं मोडलं की रडायची तशी नाही, मोठ्या माणसासारखी, आवाज न करता. मी हिच्याकडे वळून म्हणालो, बघितलंस ना, ते विकतचं पाणीसुद्धा शेवटी माझ्याच केंद्रातलं निघालं! तर ही म्हणते, "असेल. पण त्यांनी त्याला डोंगर तरी दाखवलाय." आणि मायलेकी, ज्यांचं महिनोन्महिने एका गोष्टीवर एकमत नव्हतं, त्यांचं त्या दिवशी माझ्यावर एकमत झालं.

चार दिवस घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. पाचव्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो, माफी मागायला. आत मोठा आवाज होता. केसांना टोप्या बांधलेल्या बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि बाटल्या शाळेतल्या पोरांसारख्या धक्काबुक्की करत रांगेने येत होत्या, वरून टोपणं टपटप बसत होती. खोटं कशाला बोलू, काम स्वच्छ होतं. फरशीवर भात सांडला असता तर उचलून खाल्ला असता. व्याहीबुवांनी मला केबिनमध्ये नेलं. रागात होते, पण दारी आलेल्याला पाणी द्यायचं विसरले नाहीत. टेबलाखालून त्यांनी स्टीलचा तांब्या काढला, वर झाकणी होती, आणि मला पेला भरून दिला. मी घोट घेतला आणि जीभ थबकली. ती चव मी झोपेत ओळखली असती. त्यांच्याकडे पाहिलं. ते दाराकडे पाहत होते.

"बाटलीतलं मला पचत नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "लहानपणापासून नळाचंच प्यालोय. मागच्या वाहिनीवर एक तोटी बसवून घेतलीय. बाहेर बोलू नका."

मी म्हणालो, नाही बोलणार. मग मीही सांगितलं की बाटल्या धुण्याची इतकी चोख व्यवस्था मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिलेली नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी मला ती दोनदा दाखवली. येताना माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, पोरांचं आपण का अडवायचं? मी म्हणालो, तेच म्हणतो. घरी आल्यावर बिट्टीला सांगितलं तेव्हा तिने मला मिठी मारली. कंबरेतून कळ गेली, पण मी आवाज केला नाही.

तर सोयरीक जमली. नोंदणी आणि नंतर जेवण, एवढंच. देणंघेणं, मानपान, कपडे, सगळं एका बैठकीत ठरलं. राहिलं ते पाणी! त्यावर तीन बैठका झाल्या. बिट्टी म्हणते, लग्नात एक बाटली दिसली तर मी सही करणार नाही. व्याहीबुवा म्हणतात, माझे झाडून सगळे विक्रेते येणार, त्यांच्यासमोर नळाचं पाणी वाढलं तर उद्या मी बाजारात तोंड कुठे दाखवू? (केबिनमधला तांब्या आठवून मी गप्प बसलो. बघ, मला गप्प बसता येतं.) ही म्हणते, मी नळाचं पिणार नाही आणि माझ्या माहेरच्यांनाही पिऊ देणार नाही. मी मधला मार्ग काढला की व्याहीबुवांच्या कारखान्यातलं पाणी बाटलीत न भरता टँकरने आणू. विक्रेत्यांपुढे त्यांचं नाक राहील, प्लॅस्टिक नाही, आणि मूळ पाणी आमचं. तर बिट्टीने टँकर किती डिझेल पितो ते विचारलं आणि विहीणबाईंनी टँकर आतून कोण धुतं ते विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर चौघांनी मिळून मला बाहेर पाठवलं. शिवाय इथल्या प्रत्येक कार्यालयात जेवणाबरोबर बाटल्या सक्तीच्या. नको म्हटलं तरी ठेवतात. असा सगळा पाण्यासाठी खोळंबा आहे.

बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. गुडघ्याला शेक देत जा. भाऊजींना नमस्कार सांग, मोठ्याने.

तुझा,
पाण्याने गांजलेला धाकटा भाऊ

ता. क. एक सांगायचं राहिलंच. तिसऱ्या बैठकीत मला परत आत बोलावलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या आक्काच्या परसात विहीर आहे. आक्का, त्या खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे खुलले. बिट्टी म्हणाली, बाटली नको, उकळायला नको. व्याहीबुवा म्हणाले, विहिरीचं काय, ती कोणाच्याच कंपनीची नाही. हिला तर तुझ्या विहिरीचं पाणी माहेरपणाइतकं गोड लागतं म्हणे. (मला हे आजच कळलं.) तर लग्न तुझ्याकडे करायचं असं ठरलंय. माणसं फार नाहीत, तुझ्या अंगणात मावतील त्याहून थोडी जास्त. मी म्हणत होतो की आधी आक्काला विचारतो, पण तोवर व्याहीबुवांनी पत्रिका छापायला टाकल्या. तुझा पत्ता त्यात बरोबर आहे ना एवढं कळव.

ता. ता. क. हे फक्त तुझ्यामाझ्यात. विहिरीचं पाणी म्हणजे अमृत, असं मी सगळ्यांना ठासून सांगितलं खरं, पण माझ्या धंद्यात अमृतसुद्धा तपासून घ्यावं लागतं. तर थोडा नमुना पाठव. लोणच्याच्या बरणीत किंवा भाऊजींच्या औषधाच्या बाटलीत नको. कोपऱ्यावरच्या दुकानातून सीलबंद पाण्याची बाटली आण, आतलं झाडांना घाल, आणि तिच्यात विहिरीचं भरून घट्ट टोपण लाव. त्याहून स्वच्छ बाटली तुला गावात मिळायची नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात किती जड झाला ते अक्षरावरून दिसेलच. पार्सल माझ्या केंद्रावर पाठव, घरी नको. बिट्टी दार उघडते.

आक्का, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं, आणि उरलेल्या जागेत मी लिहितेय. लग्न तुमच्याकडे करायचं म्हणजे तुम्हाला त्रास, पण तुम्ही नाही म्हणणार नाही हे ठाऊक आहे. मी पंधरा दिवस आधी येते, सगळं बघते, तुम्ही नुसत्या बसून सांगा. एवढंच करा, नमुना पाठवू नका. यांनी विहीर तपासली की जेवायला बसलेल्या प्रत्येकाला त्यात काय काय सापडलं ते पंगतीत हिंडून सांगतील, आणि भर लग्नात कोणी पाण्याला हात लावणार नाही.